सहाव्या कबरीत कोणी नव्हतं

भैय्याजी पोलीस पाटील तुमसरवरून आला तो घरी गेलाच नाही. सरळ आमच्या खळ्यावर आला अन् सायकल धानाच्या ढिगाले टेकवून उभा राहिला. मी म्हणलं, "पाटील, सायकल बाजूले घ्या. धान आहे ते, कचेरीची भिंत नोहे." एरवी तो मले चार शब्द परत केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मुकाट्यानं सायकल उचलली. तवाच मी समजली का काहीतरी बिनसलं.

चुरणी चालू होती. हे बैलायच्या मागं फिरून राहिले होते. हे म्हणजे आमच्या घरचे.

"टिकाराम, गोरी बाई येऊन राहिली गा," भैय्याजी म्हणाला. "सोमवारी. इटलीवरून."

"येऊ द्या ना," मी म्हणलं. "आपल्या काय बापाचं जाते?"

"रंभाबाई, ती आपल्या नाल्याकाठच्या बुरुनोची बहीण आहे. कबर खोदून त्याची हाडं घरी, मायकडे नेणार आहे. वरून परवानगी आली."

यांच्या हातची काठी खाली पडली. बैल आपले आपण फिरतच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, नेऊ दे ना हाडं, तुम्हाले काय त्याचं? तं आधीच सांगून टाकते. त्या कबरीत हाडं नव्हती. एक बोटाचं हाडही नव्हतं. अन् ज्यानं ती कबर रिकामी केली, तो माणूस माझ्यासमोर बैलायच्या शेपट्या पाहत उभा होता.

मोठ्या लढाईच्या वेळची गोष्ट आहे. आमचं गाव नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाले लागून. वरच्या जंगलात इंग्रजानं छावणी टाकली होती. तारेचं कुंपण, आत गोरे कैदी, इटलीवाले. त्यायच्याकडून जंगलातला रस्ता करून घेत. त्यातले सहा जण हिवतापानं मेले. त्यायले नाल्याच्या काठी गाडलं. खड्डे खोदायले गावचे पोरं धरून नेले, त्यात हे होते, मिसरूड फुटलेले. मंग लढाई सरली, छावणी उठली, तारा लोकायनं वावरायले नेल्या. नाल्याकाठी सिमेंटचे सहा क्रूस तेवढे राहिले, ज्याच्या त्याच्या नावाची पत्र्याची पाटी लावलेले. सरकार विसरून गेलं. हे नाही विसरले. दरसाल पोळ्याच्या आधी जाऊन तिथलं गवत कापत. मी म्हणो, "काहून जी? आपल्या बांधीतलं गवत सरलं का?" तं म्हणत, "खड्डे मी खोदले ना." जसं काही मारलंही यांनीच!

आमचा गोपा पाळण्यात होता त्या साली वरच्या तलावाची पाळ फुटली. पाणी नाल्यानं असं धावलं का अगदी काठावरची सहावी, या बाईच्या भावाची कबर अर्धी कापून नेली. पाणी उतरल्यावर हे गेले तं पेटी फुटलेली, हाडं उघड्यावर, अन् दोन कुत्रे तिथं फिरून राहिले होते.

दुसरा कोणी असता तं चार पाट्या माती लोटून घरी आला असता. तवाचे पाटील म्हणजे भैय्याजीचे बाबा. तेही म्हणाले, "माती लोट अन् मोकळा हो." हे म्हणाले, "कुठं लोटू? काठच राहिला नाही. पुढच्या पाण्यात पुन्हा निघंल. मी आगी देतो त्याले."

अन् देली! नव्या धोतराच्या फडक्यात हाडं गोळा केली, मसणात नेली, सरण रचलं. डोस्कं भादरलं. दहा दिवस सुतक धरलं. दहाव्याले पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत बसले. राख माडगीले नेऊन वैनगंगेत सोडली. माझा सासरा जिता होता तवा! बाप ओसरीवर बसला आहे अन् पोरगा गावातून भादरलेलं डोस्कं घेऊन फिरून राहिला! बाया मले पाणवठ्यावर इचारत, "कोण गेलं वो तुमच्यात?" मी काय सांगू? सरकारचा कैदी गेला? घरात मी भांडी आपटली, पण यांनी सुतक सोडलं नाही. तवापासून दर पितरपाटात आज्याच्या, पणज्याच्या घासासंगं एक घास त्याचाही निघे. त्यावर मोहाच्या दारूचे चार थेंब, काहून का कैदी म्हणे तारेच्या आतून मोहाची मागून पेत.

पाटलायनं काय केलं, नाल्यात पडलेला क्रूस उचलून आणला, काठावर भर घातली, अन् होता तसा उभा केला. सरकारचे सहा होते, सहा दिसले पाहिजे. इतकी वर्षं सहा दिसले. कोणी आलं नाही, कोणी इचारलं नाही. अन् आता आणीबाणी उठून वर्ष होऊन गेलं, दुनिया बदलली, तं ही बहीण उगवली.

"जेल आहे," भैय्याजी खळ्यावर बसत म्हणाला. "मी तुमसरले एका वकिलाले इचारलं, दुसऱ्याचंच म्हणून. सरकारी कबरीतला मुडदा परस्पर जाळला तं जेल आहे म्हणे."

"हाडं होती," हे म्हणाले. "मुडदा नव्हता."

"ते तू न्यायाधीशाले समजावून सांग. अन् ते तं सोड. त्यायच्या धर्मात जाळतच नाहीत गा. बाईसंगं नागपूरचे फादर येऊन राहिले, ते कचेरीत सांगत होते. शेवटच्या दिवशी म्हणे सारे मेलेले उठतात. आपापल्या कबरीतून, अंगासकट."

"मंग?" मी म्हणलं.

"मंग काय? पाच उठतील."

मी काही त्यायच्या धर्माची नोहे. पण डोळ्यांपुढं आले ते पाच गोरे, कपडे झटकून उभे राहिलेले, अन् सहाव्याले हाका मारून राहिलेले. हे बैल सोडून वाकले, काठी उचलली, पुन्हा ठेवली. मले यांचा असा राग आला म्हणून सांगू! अन् त्या रागाच्या खाली भेव. हा माणूस खोटं बोलू शकत नाही. बाजारात बैल विकायले नेला तं त्याची खोड आधी सांगते, अन् बैल परत घेऊन येते. हा काय साहेबापुढं टिकंल?

त्या दिवसापासून घरात अन्न गोड लागलं नाही. हे ताटावर बसत अन् भात नुसता चिवडत. रस्त्यानं खाणीचा ट्रक गेला तरी मी दारात येऊन पाहो, जीप तं नाही? रानात कोणी हाक मारली तं हातचं टाकून घराकडे धावो. म्हातारपणी यांले हातकडी घालून गावातून नेतील, अन् त्याच बाया पाणवठ्यावर पुन्हा इचारतील, "काय झालं वो?" इचार करून करून माझं टकुरं फिरायची वेळ आली. तवा मी स्वतःच उपाय काढला.

तिसऱ्या कबरीची पाटी गंजून गेली होती. तिच्यावर नाव होतं का नाही, तेही कोणाले दिसत नव्हतं. त्या कबरीले कोणी इचारणारं येईल असं वाटत नव्हतं. मंग सहाव्याची पाटी तिसऱ्यावर लावायची अन् तिसऱ्याची सहाव्यावर. बाई येईल, खोदंल, हाडं भेटतील, घेऊन जाईल. हाडाले काय तोंड असते ओळखायले? तिची माय खुश, सरकार खुश, अन् माझा माणूस घरी.

मी भैय्याजीले सांगितलं. तो पहिले "बापरे" म्हणाला. मंग त्याले आठवलं का क्रूस पुन्हा उभा करणारा त्याचाच बाप होता. लगेच सायकलचा पाना घेऊन निघाला. भर दुपारी आम्ही दोघं सरपण आणायले चाललो असं दाखवून गेलो. बोल्ट असे जाम बसले होते का भैय्याजीच्या बोटायची सालं निघाली. मी उभी राहून चारी बाजूले पाहो. पान हललं तरी वाटे कोणी आलं. पाट्या बदलून झाल्या तवा माझं लुगडं घामानं ओलं झालं होतं, अन् थंडीचे दिवस होते.

घरी आल्यावर यांले सांगितलं. म्हणलं, "आता तुम्ही फक्त चूप राहायचं. एवढंच करा माझ्यासाठी. बोलायचं ते मी अन् भैय्याजी बोलू."

यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणाले, "तिसऱ्याचीही माय असंल ना?"

"असंल तं असंल! ती काही जीप घेऊन येऊन नाही राहिली!"

हे उठून बैलायकडे गेले.

सोमवारी जीप आली. साहेब होते तालुक्याचे, फादर होते, दोन मजूर होते फावडे घेऊन. अन् ती बाई. मी मनात कोणीतरी मोठी मॅडम धरली होती, चष्मा-बिष्मा, खट खट चालणारी. उतरली ती म्हणजे साठीची, वाळलेली बाई. पाय सुजलेले, पायात कापडी जोडे, फराक मळलेला. प्रवासानं तोंड एवढंसं झालं होतं. आमच्याच गावची एखादी बुढी, फक्त रंग धुतलेला. तिच्या हातात जस्ताची एक पेटी होती, ती कोणाच्या हाती देत नव्हती.

भैय्याजीनं ठरवलंच होतं का आधी चहा आमच्याकडे. म्हणजे बाईले वाटावं, लोक चांगले आहेत. मी खाट टाकली, चादर अंथरली. फादर मराठी बोलत, पण पुस्तकातली, अगदी सावकाश. त्यायनं बाईले सांगितलं का हे टिकाराम, इतकी वर्षं हेच कबरींची देखभाल करतात. बाई उठली अन् दोन्ही हातांनी यांचा हात धरला. यांनी मान खाली घातली. ती समजली का बुढा लाजते.

"त्या म्हणतात," फादर म्हणाले, "त्यांची आई अजून हयात आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. गावच्या कब्रस्तानात नवऱ्याशेजारी तिनं दोन जागा राखून ठेवल्यात. एक तिची, एक मुलाची. ती म्हणते, तो आल्याशिवाय मी जाणार नाही."

बाईनं पेटी उघडून दाखवली. आत एक पांढरी चादर होती, काठाले हातानं भरलेली फुलं.

"ही आईच्या लग्नातली," फादर म्हणाले. "त्याला गुंडाळायला."

मी चटकन आत गेली. चुलीपाशी उभी राहून स्वतःलेच म्हणलं, रंभे, आता मागं फिरायचं नाही. खरं सांगितलं तं ती बुढी तिकडे जीवच सोडंल, अन् इकडे हा जेलात जाईल. दोन जीव आहेत तुझ्या हातात. खोटं तं खोटं, निभावून ने.

पण बाहेर येऊन पाहते तं हे त्या चादरीकडे पाहून राहिले होते.

नाल्याकडे जाताना मी यांच्या मागं मागं, अगदी टाचेले टाच लावून चालली. दोनदा हळूच म्हणलं, "तुम्हाले गोपाची आण आहे." यांनी वळूनही पाहिलं नाही.

भैय्याजीनं पुढं होऊन तिसरी कबर दाखवली. साहेबानं पाटी वाचली, बाईनं वाचली. तिनं त्या पत्र्यावरून बोट फिरवलं, एका एका अक्षरावरून. मजूर खोदायले लागले. माती कोरडी होती, फावड्याचा आवाज साऱ्या जंगलात घुमे. आम्ही सारे तिसरीपाशी उभे, अन् हे? हे तिकडे दूर सहावीपाशी जाऊन उभे राहिले, हात जोडून! मले वाटलं, आता साहेब इचारतील का बुढा तिकडे काहून गेला. मी घाईघाईनं म्हणलं, "त्यायले हाडं पाहवत नाहीत साहेब, लय हळवे आहेत." साहेबानं घड्याळ पाहिलं.

पेटीचं सडकं लाकूड लागलं. मंग हाडं लागली. मजूर बाजूले झाले.

बाई खड्ड्याच्या काठी गुडघ्यावर बसली, मंग त्या खड्ड्यातच उतरली, सुजल्या पायानं. चादर पसरली. एक एक हाड उचले, पदरानं पुसावं तसं फराकाच्या टोकानं पुसे, अन् चादरीत ठेवे. अन् बोलून राहिली होती. हळू, एकसारखं, लहान पोराले न्हाऊ घालताना बोलतात तसं. भाषा मले काही समजली नाही. फादर भाषांतर करत नव्हते, ते डोळे पुसत होते. भैय्याजी माझ्याकडे पाहे अन् मी जमिनीकडे. मी देवाले म्हणत होती, होऊन जाऊ दे, लवकर होऊन जाऊ दे.

तिनं डोक्याची कवटी उचलली अन् गालाले लावली.

"बाई, थांबा."

हे होते. कधी इकडे आले, मले समजलंच नाही. मी धावली, यांचं धोतर धरलं. "चूप बसा ना जी! पाया पडते तुमच्या!"

"सोड रंभे." मंग फादरले म्हणाले, "त्यायले सांगा, हा तो नोहे. हा दुसऱ्या कोणाचा आहे. बुरुनो इथं नाही. त्याले मी जाळलं."

फादर यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. "काय म्हणालात?"

"जाळलं. आगी देली. नाल्यानं उघडा पाडला होता, कुत्रे आले होते. मी मसणात नेला. राख वैनगंगेत सोडली. सांगा त्यायले."

फादरनं सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण बाईचं बोलणं तुटलं. तिनं कवटी चादरीवर ठेवली, अगदी सांभाळून. मंग वर यायले लागली. मजुरानं हात देला तो तिनं झटकला.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले. "कोणाच्या हुकमानं जाळलं? आणि ही पाटी इथं कशी?"

"हुकूम कायचा साहेब," हे म्हणाले. "कुत्रे होते."

भैय्याजी झाडाआड सरकून राहिला होता. आता काय राहिलं होतं लपवायचं? माझाही बांध फुटला. "पाटी मी बदलली!" मी म्हणलं. "मी, मी बदलली! यांचा काही दोष नाही. यांले खोटं बोलता येत असतं तं माझ्यावर ही पाळी आली असती का? टाका मले जेलात!"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. बाई यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं काहीतरी इचारलं. फादर घुटमळले.

"त्या विचारतात... कोणत्या हातानं?"

यांनी उजवा हात पुढं केला. तळहात वर करून, मास्तरपुढं धरतात तसा.

बाईनं मारलं. फाडकन मारलं. मंग पुन्हा, पुन्हा. यांनी हात मागं घेतला नाही. मी मधी पडायले गेली तं यांनी दुसऱ्या हातानं मले थांबवलं. मारता मारता तिचा जोर सरला, पण तो हात तिनं सोडला नाही. त्याच हातावर डोकं टेकवून ती अशी रडली का जंगलातल्या पाखरायनंही आवाज बंद केला. हे तसेच उभे, अन् यांच्याही डोळ्यांतून धार लागलेली. मी जन्मात यांले रडताना पाहिलं नव्हतं. सासरा मेला तवाही नाही.

मंग हे सारं सांगत गेले अन् फादर एक एक वाक्य तिकडे नेत गेले. डोस्कं भादरलं ते. सुतक. पिंड. कावळा. दरसालचा घास. फादर मधी मधी अडत, यांले पुन्हा इचारत, "दहा दिवस? तुम्ही स्वतः? का?" अन् हे म्हणत, "मंग कोण करणार होतं?"

साहेबाचा मात्र पारा उतरला नव्हता. "फादर, त्यांना विचारा, तक्रार द्यायची आहे का. गुन्हा झालाय. पाट्यासुद्धा बदलल्यात. त्या एक शब्द बोलल्या तरी आज संध्याकाळी मी याला आत टाकतो."

फादरनं इचारलं. बाईनं नाक पुसलं. तिनं मान फिरवली अन् पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. मंग माझ्याकडे बोट करून फादरले काहीतरी म्हणाली.

"त्या विचारतात, पाटी तुम्ही का बदलली?"

"यांच्यासाठी," मी म्हणलं. "अन् तिच्या मायसाठी. म्हणलं, बुढीले सुखानं झोपू तं द्यावं."

फादरनं सांगितलं. तिकडे साहेब पायानं माती उकरून राहिले होते. मंग ती पुन्हा बोलली, माझ्याकडेच पाहत.

"त्या म्हणतात, आमच्या घरी आई रोज जेवायला बसताना त्याचं नाव घेते. इतकी वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. आता मी तिला काय सांगू? ज्या घरानं त्याला जाळलं, त्या घरात त्याचं नाव तरी कोणी घेतं का?"

"मी घेतो," हे म्हणाले. "घास ठेवताना."

बाईनं मान हलवली, पण नजर माझ्यावरून काढली नाही. "आणि या?" फादरनं तिचा सवाल सांगितला.

खोटं सांगायचं म्हणलं तं आत्ता सोपं होतं. हो म्हणलं असतं तं सरलं असतं. पण समोर यांचा लाल झालेला हात दिसून राहिला होता.

"मी नाही घेत," मी म्हणलं. "कधीच घेतलं नाही."

फादरनं ते तिकडे सांगितलं अन् बाईचं तोंड दगडासारखं झालं. साहेब पुढं सरकले. मी समजली, गेला माझा माणूस. मीच घालवला, एवढं करून मीच घालवला.

"काहून नाही घेत तेही सांगा ना!" मी ओरडली. "अर्धंच काहून सांगता?"

"का नाही घेत?" फादरनं इचारलं.

आता मी खरं सांगते, तोपर्यंत मलेही वाटे का मी रागानंच घेत नाही. घर माझं, चूल माझी, अन् सुतक परक्याचं, त्याचा राग. पण तोंड उघडलं अन् माझा हात आपोआप वर गेला. डोक्यावरचा पदर मी कपाळापर्यंत ओढून घेतला, तोंड बाजूले केलं.

"हे त्यायचे लहान भाऊ झाले ना," मी म्हणलं. "वयानं ते मोठे. आगी यांनी देली, सुतक यांनी धरलं, पिंड यांनी ठेवला. म्हणजे ते माझे भासरे झाले. आमच्यात भासऱ्याचं नाव बाईनं घेऊ नाही. त्यायच्यासमोर तोंड उघडं ठेवू नाही."

फादर म्हणाले, "भासरे म्हणजे?"

"नवऱ्याचा मोठा भाऊ," भैय्याजी झाडाआडून म्हणाला.

फादरनं एकदा माझ्या पदराकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. मंग बाईले सांगायले लागले. लय वेळ सांगत होते. मधीच ती काही इचारे, ते स्वतःच्या कपाळावरून हात ओढून दाखवत. मी मान खाली घातली, पदराआडून मले तिचे कापडी जोडे दिसत होते. ते जोडे हळूहळू माझ्याजवळ आले, अन् थांबले.

तिनं पदराले हात लावला नाही. नुसती माझ्यासमोर उभी राहिली अन् माझ्यासाठी, माझ्याऐवजी, त्यायचं नाव घेतलं. एकदाच, पण मोठ्यानं.

मंग साहेबाकडे पाहून तिनं मान हलवली, तक्रार नाही म्हणून.